पाणंदीतली टकटक

मी सर्वांत जास्त देणं लागतो ते मालतीकाकींचं. आई-वडिलांनंतर अमुक, असं म्हणायची रीत आहे. पण माझे आई-वडीलच सांगत आले की पहिलं नाव काकींचं घे. आमचं गाव आत, काजूच्या डोंगराखाली. तिथून मालवणच्या कॉलेजात यायला सकाळची एसटी मिळायची, पण परतीची शेवटची गाडी शेवटचा तास संपायच्या आधीच सुटायची. काही दिवस मी तास बुडवले, मग एसटी बुडवली, आणि एका संध्याकाळी स्टँडच्या बाकावर बसलेला काकींना दिसलो. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, जेवलास का विचारलं, आणि आमची पडवी रिकामीच असते, चल, म्हणाल्या. बारावी होईपर्यंत मी तिथेच राहिलो. पुढे इंजिनिअरिंगला बाहेरगावी गेलो तरी सुट्टीत आधी काकींच्या घरी उतरायचो, मग गावी. आमच्या घरात तोवर कुणी सातवीच्या पलीकडे गेलं नव्हतं. आज मी तंत्रशाळेत इंजिन शिकवतो. त्याची सुरुवात त्या बाकावर आहे.

यंदाही म्हाळवस आला. पितृपक्षाला आमच्याकडे म्हाळवस म्हणतात. गणपती गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागतं, आणि मग हा पंधरवडा येतो. गणपतीच्या डोक्यावरची माटवी उतरलेली असते, भिंतीवर काढलेल्या चित्रांचे रंग मात्र अजून ओले असल्यासारखे दिसतात. पाऊस जायचं नाव घेत नाही आणि यायचंही मनावर घेत नाही. भात पसवलेलं असतं, त्यावरून दुपारी चतुर उडत राहतात, कुठेही न बसता. घराघरांतून काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा आणि तळणीतल्या वड्यांचा वास येतो. गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावर, केळीच्या पानात वाडी, म्हणजे पितरांचा घास, ठेवलेली असते आणि चार पावलं मागे सरून माणसं कावळ्याची वाट बघत उभी असतात. या दिवसांत नवं काही घरात आणत नाहीत. माझी आई त्याचं कारण असं सांगते की गेलेली माणसं या दिवसांत घराभोवती वावरतात, त्यांच्या पायात अनोळखी वस्तू येऊ नये.

काही वर्षांपूर्वी नेमक्या याच पंधरवड्यात मी काकींच्या गाडीचं इंजिन उघडलं होतं. त्यामुळे म्हाळवस म्हटलं की मला आता वड्यांच्या आधी रॉकेलचा वास येतो. लोखंड धुतलेल्या काळ्या रॉकेलचा.

ती गाडी तशी डॉक्टरकाकांची, म्हणजे काकींच्या यजमानांची. काळी, गोल पाठीची, पुढे दोन वाटोळे दिवे. त्या काळी रस्त्यावर दोनच जातींच्या गाड्या असायच्या, त्यातली ही थोरली. डॉक्टरकाका घाटावरचे, इथे आले आणि इथलेच झाले, फक्त बोली मात्र पुस्तकी राहिली. तारकर्लीच्या वाटेवर, माडांच्या बागेत त्यांचं घर. रस्त्यापासून घरापर्यंत अरुंद पाणंद. दोन्ही बाजूंना शेवाळलेले गडगे, आणि शेवटी बेडें, म्हणजे दोन चिरेबंदी खांबांत आडवे वासे सरकवून केलेलं फाटक. काकांच्या गाडीचा एक आवाज होता. टक् टक् टक् टक्. टॅपेट झिजले की येतो तसा, पण इतका पक्का मुरलेला, की लोक त्यावरून गाडी ओळखत. खाडीपलीकडच्या वाडीत तापाने फणफणलेलं पोर असायचं, बायका दारात उभ्या असायच्या, आणि तो आवाज लांबून कानावर पडला की कुणीतरी पाणी तापवायला आत वळायचं. मेकॅनिक म्हणायचा, दुरुस्त करून देतो. काका नको म्हणायचे. हा आवाज माझ्या आधी पोचतो, त्याला कशाला मारायचं, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी दिवेलागणीला तो आवाज पाणंदीत शिरायचा. गडग्यांमध्ये कोंडला गेल्याने तिथे तो दुप्पट व्हायचा. काका बेड्यापाशी गाडी चालूच ठेवून थांबायचे. उतरायचे नाहीत, हॉर्न द्यायचे नाहीत. काकी हातातलं काम ठेवून जायच्या, वासे एकेक करून सरकवायच्या, आणि गाडी त्यांच्या अंगाला जवळजवळ घासून आत यायची. मी पडवीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो. त्या दोघांत त्या वेळी एक शब्दही व्हायचा नाही. लग्न म्हणजे काय, हे कुणी मला विचारलं तर मला अजून तेच आठवतं, एक जण थांबून राहिलेला आणि एक जण वासे सरकवणारी.

शेजारच्या शालूवयनी यावरून काकींची थट्टा करायच्या. त्या वाटेने तिन्हीसांजेला देवचार फिरतो, असं वाडीत सगळे मानतात. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. तो दिसत नाही, त्याच्या काठीचा आवाज येतो. वयनी म्हणायच्या, वाट देवचाराचीच, दाक्तरान ती भाड्यान घेतल्यान, म्हणान दोघांचोय आवाज एकच.

काका गेले ते हॉस्पिटलात, गाडीपासून लांब. गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. काकी एकट्या राहू लागल्या आणि छान राहिल्या. माडाला पाणी, सकाळी पेपर, शालूवयनींशी भांडण, सगळं ठरलेलं. मग एके वर्षी पावसाच्या सुरुवातीला त्यांचा मला फोन आला.

“सदा,” त्या म्हणाल्या, “तो इलो.”

तो आला, तो गेला याला मालवणीत ‘तो इलो’, ‘तो गेलो’ म्हणतात. पुस्तकी मराठीत ‘आलो’ आणि ‘गेलो’ फक्त स्वतःबद्दल म्हणता येतं. मी निबंधात ‘आजोबा देवळात गेलो’ असं लिहायचो, आणि माझ्या वहीतली ती चूक काकींनीच महिनोन्‌महिने खोडली होती. इतकी, की माझा कान शेवटी पुस्तकी झाला. त्या दिवशी फोनवर ‘इलो’ ऐकलं आणि क्षणभर मला कळेना, काकी कुणाबद्दल बोलतायत की कुणीतरी काकींच्या तोंडून बोलतंय. मग त्या सावकाश सांगू लागल्या. दिवेलागणीला पाणंदीत गाडीचा आवाज येतो. रोज नाही, पण येतो. बेड्यापाशी थांबतो. टकटकत राहतो. बऱ्याच वेळाने बंद होतो. गाडी शेडमध्येच असते.

त्यांची मुलगी नीलाताई पुण्याहून आली. चांगली, समजूतदार बाई. तिने आईला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान त्यांच्या वयाच्या मानाने फारच चांगले निघाले, आणि हेच वाईट झालं. कान चांगले म्हणजे दोष दुसरीकडे, असं सगळ्यांनी मनात ठरवलं. कुणी बोललं नाही, पण काकींशी बोलताना जो तो जरा मोठ्याने आणि हळू बोलू लागला, लहान मुलाशी बोलतात तसं. काकी सावंतवाडीला बहिणीकडे गेल्या, चार दिवस म्हणून, आणि परत आल्याच नाहीत. बंद घराला खारा वारा खातो. नीलाताई म्हणाली, आई राहणार नसेल तर दिवाळीनंतर घर विकून टाकू. तिलाही तिथे एकटं ठेवायचं नाही. तिचं चुकत नव्हतं.

मी सावंतवाडीला गेलो. तलावाकडच्या खिडकीत काकी बसल्या होत्या. परक्या घरात पाहुणं माणूस बसतं तशा, कडेला.

“माका माझ्याच घरात ऱ्हवाचा आसा रे,” त्या म्हणाल्या. “पण तो बेड्यार येवन थांबता, आणि माझे पाय उठनत नाय.”

येताना एसटीत मी तेवढाच विचार करत होतो. घाटातल्या वळणांवर मला ते सुचलं, आणि सुचलं तेव्हा इतकं सरळ वाटलं की हसू आलं. आवाज गाडीचा आहे ना? मग गाडीलाच तो राहू द्यायचा नाही. झिजलेले रॉकर, वाकलेले पुशरॉड, थकलेल्या स्प्रिंगा, खड्डे पडलेले व्हॉल्व्ह, सगळं बदलायचं. गाडी गुपचूप चालायला लागली की पाणंदीत टकटक करणारी वस्तूच जगात उरणार नाही. काकींना मी गाडीत घालून आणीन, त्या स्वतःच्या कानांनी ऐकतील की गाडी आता असा आवाज करत नाही, आणि मग जे काही आहे ते निघून जाईल. भूत काढायला लोक घाडी बोलावतात. मी पाने आणि पेट्या घेऊन निघालो. दोन्हींत फार फरक नव्हता, हे आता लक्षात येतं.

सामान कोल्हापूरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून आलं, आणि आलं ते नेमकं म्हाळवसात. मला रजाही तेव्हाच मिळाली होती. शालूवयनींनी खोकी बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हाळवसात नवं काही आणू नये, त्यांना फिरायला जागा लागते, हे त्यांनीही आईसारखंच सांगितलं. मी काकींना फोन केला. त्यांनी आधी काय काय बदलणार ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, कर तू, पण त्येका सांगून कर.

सांगायचं म्हणजे गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे विहीर खणण्याआधी, लग्न ठरवण्याआधी, नारळ ठेवून देवाला हकिकत सांगतात आणि बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणत साथ देतात. मी ताडपत्री काढली, बॉनेटवर नारळ ठेवला आणि हात जोडून उभा राहिलो. वर्गात तासभर बोलणारा मी, एका जुन्या गाडीसमोर अडखळत होतो. “डॉक्टरकाका महाराजा,” मी म्हणालो, “आज ही तुमची गाडी उघडतंय. काकींका घरी हाडूची म्हणान उघडतंय. काय चुकला माकला तर लेकराक सांभाळून घ्या.” गडग्यापलीकडून शालूवयनींचा आवाज आला, “होय म्हाराजा.” आणि लगेच, “बायकांनी म्हणूचा नसता, पण कोण आसा हंय दुसरा?”

इंजिनाचं वरचं झाकण निघालं तेव्हा आत सगळं काळं, तेलकट आणि विलक्षण शांत होतं. झाकून ठेवलेल्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या नाकपुड्या. खालून एक दांडा वर ढकलतो, वरचा रॉकर तराजूच्या दांडीसारखा कलतो, आणि दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून उघडतो. श्वास आत, श्वास बाहेर. रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर जिथे टेकतं तिथे वर्षानुवर्षं आपटून एक खाच पडलेली असते. प्रत्येक रॉकर मी हातात घेऊन ती खाच अंगठ्याने चाचपली. गुळगुळीत होती, पायरीच्या मधोमध पडते तशी. काकांच्या साऱ्या फेऱ्या त्यात होत्या. पावसातल्या, खाडीपलीकडच्या, बाळंतपणाच्या, उशीर झालेल्या. एका रॉकरची खाच इतरांहून खोल होती. तिसरा. त्या आवाजातला जो एक ठोका जड पडायचा, तो ह्याचा.

व्हॉल्व्ह ज्यात बसतात ते हेड उचलून मी माजघरातल्या टेबलावर आणलं, कारण शेडमध्ये पागोळ्यांचं पाणी उडत होतं. एकेक स्प्रिंग दाबून काढली. नवे व्हॉल्व्ह बसवण्याआधी ते जागेवर घासून घ्यावे लागतात. पेस्ट लावायची, काठीला रबराची वाटी असते ती व्हॉल्व्हला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत काठी फिरवत राहायची, ताक घुसळल्यासारखी. आधी खरखर येते. मग ती मऊ होत जाते, आणि एका क्षणी आवाज जवळजवळ नाहीसा होतो, तेव्हा समजायचं की जागा धरली. त्या रिकाम्या घरात दुपारभर माझ्या तळव्यांतली खरखर तेवढी होती. मध्येच मी थांबायचो, तेव्हा वाटायचं की ती माझ्यानंतर क्षणभर उशिरा थांबतेय. मोठ्या घराला प्रतिध्वनी असतो, मी स्वतःला सांगायचो. कॉलेजची दोन वर्षं राहिलो त्या घरात, तेव्हा कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी शालूवयनींकडे म्हाळ, म्हणजे पितरांचं जेवण, होता. संध्याकाळी त्या वडे घेऊन आल्या. दारातच म्हणाल्या, गाडी फिरवून आणलीस वाटतं, पाणंदीत आवाज आला म्हणून गरम वडे घेऊन आले. मी फक्त टेबलाकडे बोट केलं. टेबलावर हेड होतं, शेजारी वर्तमानपत्रावर व्हॉल्व्ह ओळीने मांडलेले, आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचलेले पुशरॉड. वयनींनी ते सगळं बघितलं. मग मागे वळून शेडकडे बघितलं. तिथे बॉनेट उघडी होती. त्यांनी वड्यांचं ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला.

“मगे वडे कमीच हाडलंय मी,” त्या म्हणाल्या, आणि भरभर घरी गेल्या.

मी तो आवाज ऐकला नव्हता. मी काही आत झोपलेला नव्हतो. त्या दारात बोलल्या त्या वेळी मी खिडकीपाशी उभा होतो. मला माडांतला वारा ऐकू येत होता, लांब समुद्र ऐकू येत होता, आणि दुसरं काही नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली ती आवाजाची नाही. दोघी बायकांना जे ऐकू येतं ते मला येत नाही, याची.

स्प्रिंग व्हॉल्व्हच्या दांड्यावर धरून ठेवायला दोन चिमुकले तुकडे असतात. भुईमुगाच्या दाण्याचे दोन भाग करावेत तसे. मेकॅनिक त्यांना लॉक म्हणतात. ते मी धुऊन पडवीच्या कठड्यावर बशीत वाळत ठेवले होते. कावळा आला. गडग्यावर वयनींनी ठेवलेल्या पानाकडे त्याने बघितलंही नाही. तो सरळ बशीवर आला, एक तुकडा चोचीत धरला आणि माडांत गेला. मी ओरडत धावलो, त्याचा काय उपयोग. त्या एका तुकड्याशिवाय इंजिन बांधता येणार नव्हतं, आणि म्हाळवस असल्यामुळे कावळ्याला दगड मारायलाही हात होईना. वयनी पलीकडून सगळं बघत होत्या.

“तुझ्या काकान नेल्यान तो,” त्या म्हणाल्या. “त्येका आवाज बंद करूचो नाय आसा.”

मी उरलेला दिवस माडांखाली वाकून फिरलो. चुडतं, म्हणजे गळलेल्या झावळ्या, उचलून बघितली, माडांची आळी चाचपली. तिन्हीसांजा होत आल्या. वाकून वाकून पाठ भरून आली म्हणून सरळ झालो तो बेड्यापाशी. डाव्या खांबाच्या माथ्यावर पावसाने एक खळगी पडली आहे, तिच्यात ओलसर शेवाळ असतं. त्या शेवाळावर तो तुकडा होता. नीट, मधोमध, कुणी ठेवून द्यावा तसा.

मी तो उचलला आणि पाणंदीकडे तोंड करून तिथेच उभा राहिलो. का, ते सांगता येत नाही. पाणंद रिकामी होती. गडग्यांतला तेरडा जरा हलत होता. आणि माझ्या गुडघ्यांना ऊब लागत होती. दिवसभर तापलेला चिरा संध्याकाळी ऊब सोडतो हे मला ठाऊक आहे. पण ती ऊब बाजूच्या गडग्यांतून येत नव्हती, समोरून येत होती, गाडीच्या जाळीसमोर उभं राहिल्यावर येते तशी, आणि तिला गरम रबराचा वास होता. तेवढ्यात वयनींची हाक आली, त्यांच्या अंगणातून, हलकीच.

“सदा, तू थंय उभो रवलंस आणि तो आवाज थांबलो.”

मी मागे सरलो. आवाज पुन्हा सुरू झाला का, ते मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दरवर्षी वर्गात मी फट शिकवतो. रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात केसाएवढी फट ठेवायची असते. पातळ पोलादी पट्टी मध्ये सरकवायची, ती जराशी धरल्यासारखी वाटली पाहिजे, अडली नाही पाहिजे. मुलं विचारतात, सर, फटच ठेवली नाही तर? आवाज अजिबात येणार नाही ना? येणार नाही, मी सांगतो. पण इंजिन तापलं की लोखंड लांबतं, आणि फट नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. आतली आग त्याच्या कडेने निसटत राहते आणि तो जळून जातो. म्हणून चांगल्या इंजिनालाही थोडा आवाज असतोच. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे, की त्यात काही अर्थ असेल असं मला वाटायचं बंद झालं होतं. त्या दिवशी शेडमध्ये, पट्टी हातात घेऊन, मला ती फट बुजवून टाकायचा मोह झाला. एकदाच. काकींना आणण्यापुरती गाडी मुकी झाली असती. मी बोल्ट आवळत नेला, पट्टी अडली, आणि हात थांबला. मग मी तो सोडवला आणि प्रत्येक फट पुस्तकात आहे तशी ठेवली.

गाडी सुरू झाली ती पहिल्या झटक्याला नाही, पण झाली. आधी निळा धूर, मग पांढरा, मग काही नाही. आवाज शिवणयंत्रासारखा, बारीक, एकसारखा. सकाळीच मी ती पाणंदीतून बाहेर काढली, तारकर्लीपर्यंत नेली आणि आणली. वाटेत ओळखीचे लोक होते, दुकानाच्या पायरीवर, जाळी विणत. पूर्वी ही गाडी येण्याआधी त्यांच्या माना वळायच्या. आता गाडी शेजारून गेली तरी कुणी वर बघितलं नाही. परत आलो तेव्हा वयनी गडग्यापाशी होत्या. त्यांनी कान देऊन ऐकलं.

“बरी झाली,” त्या म्हणाल्या. “पण ही आमच्या दाक्तराची गाडी न्हय.”

म्हणजे काम झालं होतं. मी ठरवलं होतं ते सगळं तसंच झालं होतं. मी गाडी शेडमध्ये लावली, दिवसभर पसारा आवरला, हात धुतले, आणि काकींना उद्या सकाळी फोन करून बोलावू असं ठरवून पडवीत बसलो. दिवे लागायची वेळ होती.

त्या संध्याकाळी जे झालं ते मी फोनवर सांगू शकलो नसतो. फोनवर तोंडातून ‘काय नाय काकी, सगळा बरा आसा’ एवढंच आलं असतं, आणि त्यांनी ते मानलंही असतं, नाहीतर मानल्यासारखं केलं असतं. पण लिहायला मला काकींनी शिकवलं आहे. त्यांच्यासाठी कागदावर खोटं उतरवणं मला जमत नाही. म्हणून दुसऱ्या रात्री पत्र लिहिलं आणि सकाळी मालवणात जाऊन टाकलं. ते असं होतं.

ती. मालतीकाकींस,

सा. न. वि. वि.

गाडीचं काम पूर्ण झालं. सगळे भाग नवे घातले, जुने शेडमध्ये ठेवले आहेत, तुम्हाला विचारल्याशिवाय टाकणार नाही. गाडी छान चालते. पूर्वीचा आवाज तिच्यात आता नाही. शालूवयनींनीही ऐकून तसंच सांगितलं.

पण ज्यासाठी काम केलं ते झालं नाही. काल दिवेलागणीला मी पडवीत बसलो होतो. गाडी माझ्या मागे शेडमध्ये होती. पाणंदीत आवाज आला. काकी, तो मी ऐकला. पहिल्यांदाच ऐकला. तो आपल्या गाडीचाच आहे, जुन्या गाडीचा. तिसरा ठोका जड पडत होता, आणि तो तिसरा रॉकर त्या वेळी माझ्यासमोर बादलीत पडलेला होता. मी शेडमध्ये जाऊन बॉनेटवर हात ठेवून बघितला. गार होती. पुन्हा बाहेर आलो तरी आवाज होताच. बेड्यापाशी आला आणि थांबून राहिला.

तुमचे कान ठीक आहेत आणि तुमचं डोकंही ठीक आहे. हे मी नीलाताईला आज फोन करून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

आपोआप बंद होईल म्हणून मी वाट बघितली. झाला नाही. मग मी गेलो. मला भीती वाटली, ते लपवत नाही. वासे फुगले होते, एकेक करून सरकवले आणि कडेला उभा राहिलो. मला काही दिसलं नाही. आवाज माझ्या अगदी जवळून आत गेला, शेडपाशी पोचला, आणि किल्ली फिरवल्यावर गाडी शेवटचा हुंदका देते तसा देऊन बंद झाला. त्यानंतर समुद्र ऐकू येऊ लागला. आज संध्याकाळी आवाज आलेला नाही. पुन्हा येणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही.

यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. तुम्ही याल तेव्हा मी गाडी घेऊन येईन, आणि तुम्ही पुरे म्हणेपर्यंत रोज संध्याकाळी पडवीत बसेन. माझी शाळा कुठे पळून जात नाही.

एकच सांगायचं राहिलं. काल आवाज थांबल्यावर मी वासे लावून घराकडे वळलो, आणि कॉलेजात असताना द्यायचो तशी आत हाक दिली, काकी, काका आले म्हणून. तोंडातून आपसूक गेली. मग मी उंबऱ्यावर बराच वेळ उभा होतो. आत दिवा होता, पण ओ द्यायला कुणी नव्हतं.

तुमचा,
सदा